दर उन्हाळ्यात डोजर गरम, रेडिएटरचं पाणी गायब: जुन्या इंजिनाला कोणतं कूलंट टाकायचं

मशीन जुना डोजर आहे, इंजिन एनटी ८५५, सहा सिलिंडर, १४ लिटरचं, आणि प्लेटवर अजून किर्लोस्कर कमिन्स असंच लिहिलेलं आहे म्हणजे किती जुनं ते समजून घ्या. काम नागपूरजवळच्या पाचगावकडच्या गिट्टी खदानीत. त्रास एकच, पण दर वर्षीचा. होळी झाली की टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागतो, एप्रिलमध्ये ऑपरेटर रोज सकाळी एक-दोन लिटर पाणी टाकून राहिला असतो, मे लागला की त्याचे पाच लिटर होतात आणि मृगाच्या तोंडावर इंजिन ऑइल दुधाळ झालेलं दिसतं. मग इंजिन खोला, लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती लोखंडी नळी) बदला, गॅस्केट टाका, पंधरा दिवस मशीन उभी आणि ईएमआय, ऑपरेटरचा पगार चालूच. तीन वर्षांत हे दोनदा झालं. दोन्ही वेळा आम्ही पार्ट बदलले पण तो पार्ट खराब का झाला हे कोणी विचारलंच नाही, म्हणून ते परत झालं. ज्यांच्याकडे जुना डोजर, जुना ग्रेडर, जुना डम्पर, जुना कॉम्प्रेसर किंवा जनरेटर आहे आणि हाच त्रास आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहून राहिलो.

आधी नावाबद्दल बोलू कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कूलंटच्या, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाच्या, कॅनवर लिहिलेलं असतं अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून. आता नागपुरात आजवरचं सगळ्यात कमी तापमान २९ डिसेंबर २०१८ चं, ३.५ अंश. पाणी गोठायला शून्य लागतं. म्हणजे इथं रेडिएटर गोठून फुटला असं कोणाच्या आजोबानंही पाहिलं नसेल. म्हणून मालक लोक म्हणतात की कूलंटची गरज नाही, साधं पाणी टाका, आणि मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो. पण दुसरं टोक पाहा, २३ मे २०१३ ला याच नागपुरात ४७.९ अंश होतं. नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, खदानीत, चारही बाजूंनी तापलेला काळा दगड, त्यात डोजर फुल लोडवर ढकलून राहिला, तिथं रेडिएटरसमोरची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा गरमच असते. आपल्याला कूलंट पाहिजे ते तीन कामांसाठी: पाणी उशिरा उकळावं, आतून गंज आणि खपली धरू नये, आणि लायनर वाचावा. आमचा मार बसला तो या तिसऱ्यात, आणि त्याच्याबद्दल दुकानदार कधीच बोलत नाही.

कूलंट बदलायच्या आधी पाणी जाते कुठं ते पक्कं करा. गळकं इंजिन तसंच ठेवून महागडं कूलंट ओतलं तर ते आठ दिवसांत जमिनीत जाणार किंवा ऑइलमध्ये. पहिल्यांदा बाहेरून पाहा, होजचे क्लिप, वॉटर पंपच्या खालचं छोटं भोक, रेडिएटरच्या वरच्या टाकीचा डाक (सोल्डरचा सांधा), आणि वाळलेल्या जागी पांढरी किंवा हिरवी पापडी दिसते का. बाहेर काहीच नाही आणि तरी पाणी कमी होतं, तर मग आतली गळती. मशीन रात्रभर उभी राहू द्या, सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट फक्त सैल करा, काढू नका, आणि खाली एखादी स्वच्छ वाटी धरा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते रात्रभरात खाली बसतं, म्हणून चेंबरमध्ये पाणी असेल तर ऑइलच्या आधी तेच टपकतं. आमच्याकडे वाटीभर हिरवट पाणी आलं आणि त्याच्यानंतर काळं ऑइल.

पाणी ऑइलमध्ये जाते म्हणजे लायनरच फुटला असं लगेच धरू नका. या इंजिनात ऑइल कूलर आहे, तो आतून गळू शकतो. लायनरच्या खालच्या बाजूला ओ-रिंग असतात, त्या कडक होऊन गळू शकतात. हेडमध्ये इंजेक्टरच्या भोवती तांब्याची स्लीव्ह असते, ती सैल झाली की उलटा प्रकार होतो, फायरिंगचा गॅस पाण्यात घुसतो आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं आणि सगळे म्हणतात हेड गॅस्केट गेलं. नक्की कुठून ते पाहायचं असेल तर चेंबर खाली उतरवा, रेडिएटरच्या तोंडाला हातपंपवाला प्रेशर टेस्टर लावा, कॅपवर जितकं प्रेशर लिहिलंय तितकंच द्या, आणि खाली टॉर्च घेऊन अर्धा तास बसून राहा. थेंब कुठून येतो ते दिसतंच. आमच्याकडे चौथ्या नंबरच्या लायनरच्या आतून, पिस्टनच्या खालून, एक-एक थेंब येऊन राहिला होता. ओ-रिंगमधून आला असता तर लायनरच्या बाहेरच्या बाजूनं ओघळला असता.

लायनर काढला. वाडीच्या वर्कशॉपमध्ये आमचे जुने मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी तो रॉकेलनं पुसला आणि हातात घेऊन फिरवला. बाहेरून, म्हणजे पाण्याच्या बाजूनं, एका उभ्या पट्टीत बारीक बारीक खड्डे, जसं उधईनं लाकूड खाल्लेलं असतं तसं. आणि ही पट्टी क्रँकला आडव्या बाजूला, जिकडं पिस्टन आपटतो नेमकी तिकडं. बाकी लायनर चांगला, आतून बोअर चकचकीत. मग चाचा म्हणाले, "भाऊ, हे घेऊन अंधारात चला." स्टोअरचं शटर खाली केलं, लायनरच्या आत मोबाइलचा टॉर्च ठेवला आणि दोन्ही तोंडं फडक्यानं झाकली. लोखंडाच्या भिंतीतून तीन ठिकाणी उजेड येऊन राहिला होता. सुईच्या टोकाएवढा. असल्याच भोकांनी आमचं इंजिन दोनदा उतरवलं होतं.

याला मिस्त्री लोक लायनर सडला म्हणतात, पण हा साधा गंज नाही. डिझेल इंजिनात फायरिंग झालं की पिस्टन लायनरच्या एका बाजूला जोरात दाबला जातो आणि लायनर थरथरतो, घंटेसारखा. तो आत ओढला जातो तेव्हा बाहेरचं पाणी तितक्या वेगानं मागं येऊ शकत नाही, तिथं क्षणभर पोकळी होते, वाफेचे बारीक बुडबुडे होतात, आणि लायनर परत बाहेर आला की ते बुडबुडे फुटतात. एकेका बुडबुड्याचा तडाखा इतका जोराचा की तो लोखंडाचा कण उडवतो. हे दर मिनिटाला शेकडो वेळा, दिवसभर. इंजिन जुनं, पिस्टन आणि लायनरमधली फट वाढलेली, तर आपटणं जास्त आणि थरथर पण जास्त. नवीन इंजिनापेक्षा जुन्याला हा त्रास म्हणूनच जास्त होतो. पाण्यात हवा मिसळलेली असेल, रेडिएटरची कॅप प्रेशर धरत नसेल, तर आणखी वाढतो.

यावर उपाय म्हणजे नायट्राइट नावाचं रसायन. कूलंटमध्ये नायट्राइट पुरेसं असेल तर लायनरच्या बाहेरून एक पातळ कडक थर बसतो, बुडबुडे त्या थरावर फुटतात, थर झिजतो आणि परत तयार होतो. पण यात नायट्राइट खर्च होत राहतं. म्हणजे कूलंट दिसायला जसंच्या तसं हिरवंगार, पण त्यातलं जे लायनर वाचवतं ते संपलेलं. आणि आम्ही जे टाकत होतो ते कारचं कूलंट होतं, ज्यात डिझेलच्या लायनरसाठीचा हा माल मुळात नसतोच. वर रोज पाच लिटर बोअरवेलचं पाणी.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या इंजिनात वेट लायनर आहे का ते आधी शोधा. वेट लायनर म्हणजे ज्याच्या बाहेरच्या बाजूला सरळ पाणी लागतं. एनटी ८५५ वेट लायनरचं, कॅटरपिलरचं जुनं ३३०६ वेट लायनरचं, कोमात्सुचं ६डी१२५ पण. पण कमिन्सचं ६बीटी ५.९ घ्या, किंवा कोमात्सुचं ६डी९५, त्यात लायनरच नाही, ब्लॉकमध्येच बोअर कोरलेला. तिथं भिंत जाड असते म्हणून भोक पडायची भीती बरीच कमी, तिथं चांगल्या प्रतीचं साधं डिझेल कूलंट आणि स्वच्छ पाणी यात काम भागतं. एकाच मालकाच्या अंगणात एक पोकलेन आणि एक डोजर उभे असतात, दोघांना एकाच ड्रममधून कूलंट जाते, पोकलेनला काही होत नाही आणि डोजरचं इंजिन दोन वर्षांत उतरतं, मग मालक म्हणतो डोजरच मनहूस आहे. मनहूस वगैरे काही नाही, इंजिन वेगळं आहे.

रंगाचं काय? रंगावर जाऊ नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण आमच्या इथं दुकानात माणूस जातो आणि म्हणतो हिरवं द्या नाहीतर लाल द्या. रंग कंपनी टाकते, त्याला कोणताही पक्का नियम नाही. एका कंपनीचं लाल म्हणजे ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं, दुसऱ्या कंपनीचं लाल म्हणजे जुन्याच पद्धतीचं. कॅन उलटा करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लागला तरी चालेल. आयएस ५७५९ हा आपला भारतीय मानक, जेआयएस के २२३४ हा जपानी, हे असेल तर माल नकली किंवा नुसता रंगवलेलं पाणी नाही एवढा भरवसा, पण वेट लायनरसाठी ते पुरेसं नाही. एएसटीएम हा अमेरिकी मानक, त्यातला डी ३३०६ लिहिला असेल तर ते कार आणि हलक्या गाड्यांचं, डोजरला नको. डी ४९८५ म्हणजे हेवी ड्यूटीचं, सिलिकेट कमी, पण याच्यात लायनर वाचवणारं रसायन म्हणजे अ‍ॅडिटिव्ह वेगळं विकत घेऊन टाकावं लागतं, आणि तेच न टाकता लोक चालवतात. डी ६२१० म्हणजे लायनरच्या संरक्षणासकट तयार. जुन्या वेट लायनर इंजिनाला एकतर डी ६२१० घ्या, नाहीतर डी ४९८५ अधिक अ‍ॅडिटिव्ह. दुकानदार म्हणाला की सगळं सारखंच असते, तर दुसऱ्या दुकानात जा.

मग प्रश्न येतो की नवीन जमान्याचं लाँग लाइफ, म्हणजे ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं, जुन्या इंजिनात टाकायचं का. माल वाईट नाही, उलट खूप चांगला आहे, त्यातले हेवी ड्यूटीचे प्रकार लायनर पण सांभाळतात आणि वर्षानुवर्षं चालतात. पण जुन्या मशीनच्या बाबतीत माझं मन तिकडं जात नाही आणि त्याची कारणं आहेत. एक तर आपला रेडिएटर तांब्या-पितळेचा, शिशाच्या डाकानं जोडलेला, आणि काही ऑरगॅनिक कूलंट या डाकाला मानवत नाहीत, सांध्यातून पांढरी पूड सुटते आणि ती जाऊन नळ्यांत बसते. दुसरं, जुने सिलिकॉनचे सील आणि गॅस्केट काही ऑरगॅनिक अ‍ॅसिडनं फुगतात, मऊ पडतात. तिसरं आणि सगळ्यात मोठं, हा माल शुद्ध राहिला तरच चालतो. त्याच्यात साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त दुसरं कूलंट मिसळलं की त्याचं लांब आयुष्य संपलं असं धरायचं, आणि खदानीत हेल्परच्या हाताला जो कॅन लागेल तो ओतला जातो, हे आपल्याला माहीत आहे. दोन वेगळ्या जातीची कूलंट एकत्र झाली की दोघांचंही अ‍ॅडिटिव्ह पातळ होतं, आणि कधी कधी घट्ट चिकट गाळ होतो. आमच्या पहिल्या खोलाईत रेडिएटरच्या खालच्या टाकीत साबणाच्या जेलीसारखा हिरवट-तपकिरी लगदा निघाला होता, बोटानं उचलता येत होता. तेव्हा कोणाला कळलं नाही की हे काय आहे, पाइपनं धुऊन टाकलं. तो लगदा म्हणजेच आधी हिरवं आणि नंतर लाल टाकल्याचा हिशोब होता.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं: कमी सिलिकेटचं, इथिलीन ग्लायकॉलचं (कूलंटमधला मूळ द्रव), जुन्या पद्धतीचं हेवी ड्यूटी कूलंट, त्यात नायट्राइट आणि मोलिब्डेटवालं अ‍ॅडिटिव्ह, तांब्यासाठी अ‍ॅझोल असलेलं. सिलिकेट जास्त नको कारण कारच्या कूलंटमध्ये ते अ‍ॅल्युमिनियमसाठी भरपूर घातलेलं असतं, आणि वर परत डिझेलचं अ‍ॅडिटिव्ह टाकलं की ते सिलिकेट बाहेर पडून जेली होते. ज्यांच्या इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर किंवा अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे त्यांनी जास्त नायट्राइटच्या मागं लागू नये, तिथं मॅन्युअल पाहा. आपल्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) जुन्या इंजिनाला मात्र नायट्राइट मानवतं.

आता पाणी. खरं सांगायचं तर निम्मी लढाई पाण्याची आहे. आमच्या शेडच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरला, म्हणजे क्षार मोजायच्या यंत्राला, साडेआठशेच्या वर दाखवतं, चहा केला तर पातेल्याला पांढरा थर. हेच पाणी आम्ही वर्षानुवर्षं इंजिनात ओतलं. मोठ्या इंजिन कंपन्यांनी कूलंटच्या पाण्यासाठी जे सांगितलंय ते असं की क्लोराइड ४० पीपीएमच्या आत, सल्फेट १०० च्या आत, एकूण कठीणपणा १७० च्या आत, एकूण क्षार ३४० च्या आत. बोअर यात कुठंच बसत नाही. क्षार गरम भागावर जाऊन खपली होऊन बसतात, म्हणजे लायनरच्या वरच्या भागाभोवती आणि हेडमध्ये, जिथं थंडावा सगळ्यात जास्त पाहिजे तिथंच. दीड मिलिमीटरची खपली उष्णता अडवण्याच्या बाबतीत आठ-दहा सेंटिमीटर बिडाइतकी भारी पडते. मग गेज काही दाखवत नाही, पाणी ठीक दिसतं, आणि आत हेडला तडा जातो. सॉफ्टनरचं पाणी पण टाकू नका, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, क्षार तितकेच राहतात. आरओचं पाणी अडीनडीला चालेल. सगळ्यात चांगलं म्हणजे बॅटरीत टाकतो ते डीएम किंवा डिस्टिल्ड पाणी, मोठ्या कॅनमध्ये घेतलं तर लायनरच्या किमतीपुढं काहीच नाही. नुसतं डिस्टिल्ड पाणी मात्र एकटं ठेवू नका, त्यात कूलंट किंवा अ‍ॅडिटिव्ह पाहिजेच, नाहीतर बीड गंजतं.

प्रमाण आम्ही अर्धं-अर्धं ठेवलं. ५० टक्के ग्लायकॉलचं मिश्रण साध्या हवेच्या दाबाला साधारण १०८ अंशाला उकळतं आणि वर कॅपचं प्रेशर, प्रत्येक पीएसआयला दीड अंशाच्या वर फायदा. म्हणजे सात पीएसआयची कॅप नीट धरत असेल तर आणखी दहा-बारा अंश. पण कोणी असं समजू नये की ५० नं बरं होतं तर ८० नं आणखी बरं होईल. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, जास्त टाकलं तर इंजिन उलट जास्त तापतं आणि अ‍ॅडिटिव्ह खाली बसतं. ६० च्या वर कधीच नाही. रेडिएटर जुना आणि मे मध्ये काटा काठावर असेल तर ४० टक्के ठेवा, थोडं जास्त थंड राहील, पण त्याच्या खाली जाऊ नका कारण मग अ‍ॅडिटिव्ह पण पातळ होतं. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं दुर्बिणीसारखं यंत्र मिळतं, काचेवर एक थेंब टाकला की प्रमाण कळतं, ते एक घेऊन ठेवा.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे पाणी गरम झालं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणाऱ्या झडपेबद्दल, बोलल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून फेका, ही आपल्याकडची जुनी पद्धत, आमच्या इंजिनातही नव्हता. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडला की तो बायपासचा रस्ता बंद करतो. काढून टाकला तर बायपास कायम उघडा, आणि निम्मं पाणी रेडिएटरला न जाता गोल फिरून परत इंजिनात. म्हणजे हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही आणि उन्हाळ्यात जास्त तापतं. तापून राहिलं म्हणून काढला आणि काढल्यामुळं आणखी तापलं, हे चक्र मी स्वतः पाहिलंय. चांगला थर्मोस्टॅट टाका, टाकायच्या आधी गरम पाण्याच्या भांड्यात धरून उघडतो का पाहा. कॅपचं रबर पण पाहा, बोटानं दाबून कडक लागलं तर नवीन कॅप. आणि गरम इंजिनाची कॅप उघडू नका, आमच्या एका हेल्परचा हात कोपरापर्यंत भाजला होता, तो दिवस मी विसरलो नाही.

भरलं कसं ते सांगतो. आधी जुनं सगळं काढलं, रेडिएटरच्या नळातून आणि ब्लॉकच्या नटातून पण, कारण नुसता रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमध्ये बरंच जुनं राहतं आणि नवीन माल पहिल्याच दिवशी पातळ होतो. ब्लॉकचा नट काढला तर काहीच आलं नाही, तारेनं कोचल्यावर आधी गाळाचा गोळा निघाला आणि मग लाल पाणी. ऑइल पाण्यात गेलेलं असेल तर फोम न होणारा क्लीनर आधी, मग गंज-खपलीचा क्लीनर, आणि प्रत्येकानंतर स्वच्छ पाण्यानं इतक्या वेळा धुवा की आलेलं पाणी ग्लासात पारदर्शक दिसेल, आमचं पाचव्यांदा आलं. तेजाब टाकून सफाई करणारे लोक आहेत, त्यांना मशीनजवळ येऊ देऊ नका, डाक आणि पातळ भाग तेच आधी खातं. खपली निघाली की जुने होज आणि सील गळू शकतात कारण इतके दिवस त्या घाणीनंच भोकं बुजलेली होती, म्हणून सफाईबरोबरच होज बदलून टाका, नंतर कूलंटच्या माथी खापर फोडू नका. भरताना कूलंट आणि पाणी बाहेर ड्रममध्ये मिसळून मग हळूहळू ओता, हवा निघायला वेळ द्या, इंजिन चालवून थंड करून परत पातळी पाहा.

अ‍ॅडिटिव्हचं असं की पहिल्यांदा भरताना त्याचा पूर्ण डोस द्यायचा, आणि नंतर थोडं थोडं. आमच्या इंजिनाला कूलंटचा फिल्टर आहे, गोल डब्यासारखा, कित्येक वर्षं तो बायपास करून ठेवलेला होता कारण कोणाला वाटलं की काय कामाचा. त्या फिल्टरमध्येच अ‍ॅडिटिव्ह भरलेलं मिळतं, दर २५० तासांना ऑइलबरोबर बदलायचा. पण डोळे मिटून बदलू नका. टेस्ट स्ट्रिप मिळते, लघवी तपासायच्या पट्टीसारखी, बुडवा, झटका, सांगितलेल्या वेळानंतर डब्यावरच्या रंगाशी जुळवा. नायट्राइट कमी दिसलं तर टाका, भरपूर दिसलं तर साधा फिल्टर लावा. जास्त टाकणं पण वाईटच, मग ते वॉटर पंपच्या सीलवर आणि नळ्यांत खडे होऊन बसतं. आणि रोजचा टॉपअप तयार मिश्रणाचाच. आम्ही एक निळा जरीकॅन वेगळा केला, त्यावर मोठ्या अक्षरात डोजर असं लिहिलं, आणि ऑपरेटरला सांगितलं की दादा, याच्याशिवाय एक थेंब जाणार नाही, आणि किती टाकलं ते डायरीत लिहायचं. डायरीमुळं कळतं की पाणी परत कमी व्हायला लागलं का.

एक सोपी टेस्ट अजून, मल्टीमीटर असेल तर. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये, धातूला न लावता. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकतर अ‍ॅडिटिव्ह मेलंय नाहीतर कुठंतरी अर्थिंग खराब आहे आणि करंट पाण्यातून वाहून राहिला. स्टार्टर मारताना व्होल्ट उडी मारत असेल तर इंजिनाची अर्थिंगची वायर घासून घट्ट करा, नवीन कूलंट त्याच्यावर उपाय नाही.

ज्यांना ग्लायकॉलचा खर्च झेपत नाही, किंवा मशीन इतकी गळकी आहे की भरलेलं टिकतच नाही, त्यांनी निदान स्वच्छ पाणी आणि अ‍ॅडिटिव्ह एवढं तरी ठेवा. आपल्यासारख्या न गोठणाऱ्या भागात हे चालतं, फक्त अ‍ॅडिटिव्हचं प्रमाण ग्लायकॉल असताना ठेवतो त्याच्या जवळपास दुप्पट लागतं, आणि उकळायची मर्यादा खाली येते म्हणून कॅप चांगली पाहिजेच. नुसत्या बोअरच्या पाण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

आमचं सध्याचं सांगतो. हे सगळं केल्यानंतर दोन उन्हाळे गेले. मे मध्ये काटा हिरव्या पट्ट्यातच, डायरीप्रमाणं महिन्याला एखादा लिटर टॉपअप. मागच्या महिन्यात चेंबरचा नट सैल करून वाटी धरली, पहिला थेंब ऑइलचाच आला. ग्लायकॉलचं कूलंट दोन वर्षांनी बदलायचं ठरवलंय, या दिवाळीनंतर त्याची पाळी आहे.

आणि जे जुनं काढाल ते खदानीत जमिनीवर सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, मोठ्या माणसाला पण शंभर मिलिलिटरच्या आसपास जीव घेऊ शकतं. खदानीवर बकऱ्या फिरतात, कुत्री फिरतात, मजुरांची लेकरं फिरतात, उन्हाळ्यात खड्ड्यात साचलेलं काहीही तहानलेलं जनावर पितं. आम्ही ते झाकणाच्या ड्रममध्ये भरतो, ड्रमवर लाल रंगानं फुली मारलेली आहे, आणि जुनं ऑइल नेणाऱ्या परवानावाल्याला वेगळं देतो, ऑइलमध्ये मिसळून नाही.